षड्दंत जातक : अजिंठ्यातील एका कथेची दोन रूपे

षड्दंत जातक : सहा दातांच्या हत्तीची प्राचीन बौद्ध कथा. पाली भाषेतील ‘जातकट्ठकथा’ या संग्रहात एकूण ५४७ कथा असून त्यांत हिचा क्रमांक ५१४ वा आहे व तेथे तिचे नाव ‘छद्दन्त जातक’ असे आढळते. गौतम बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांना ‘जातक’ म्हणतात. या कथांपैकी लेणी, स्तूप आणि ग्रंथ अशा तिन्ही ठिकाणी षड्दंताइतक्या सातत्याने आढळणाऱ्या कथा थोड्या आहेत. अजिंठ्याला ती दोनदा रंगविलेली आहे : एकदा दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या सुमारास; आणि पुन्हा सतराव्या लेण्यात, इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. वाघोरा नदीच्या एकाच वळणावर, काही मिनिटांच्या चालीवर, एकाच कथेची पाच-साडेपाच शतकांच्या अंतराने झालेली दोन रूपे पाहावयास मिळतात. या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. हत्तीचे दात कोणी काढले, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही भिंतींवर सारखे नाही. या फरकाचा उलगडा केवळ कथा वाचून होत नाही. त्यासाठी शिल्पे, शिलालेख, परभाषांतील अनुवाद आणि उत्खनने यांचा आधार घ्यावा लागतो.

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात सोयगाव तालुक्यात मोडतात. परंतु त्यांच्याकडे जाण्याची वाट दीर्घकाळ खानदेशातून होती. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील पाचोरा (जि. जळगाव) हे एके काळी लेण्यांसाठी उतरण्याचे स्थानक होते. तेथून बैलगाडीने किंवा घोड्यावरून घाटाच्या पायथ्याच्या फर्दापुरास पोहोचावे लागे. पुढे पाचोरा–जामनेर हा अरुंदमापी लोहमार्ग झाला व त्यावरील पहूर स्थानकावरून फर्दापूर जवळ आले. ही छोटी गाडी २०२० पर्यंत धावत होती. फर्दापूर निजामाच्या राज्यात आणि पाचोरा इंग्रजी अंमलाखालील खानदेशात, अशी राजकीय सीमा मध्ये असली, तरी लेण्यांच्या दृष्टीने तापी-गिरणेचे खोरे हे परके प्रदेश नव्हते. सतराव्या लेण्याच्या संदर्भात हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

कथेचा पाली आराखडा असा : हिमालयात छद्दन्त सरोवराच्या काठी आठ हजार हत्तींचा एक श्वेतवर्णी राजा राहत असे. महासुभद्दा व चुल्लसुभद्दा या त्याच्या दोन राण्या. एकदा त्याने फुललेल्या शालवृक्षास गंडस्थळाने धक्का दिला. वाऱ्याच्या दिशेमुळे थोरलीच्या अंगावर फुले व पराग पडले. धाकटीवर मात्र वाळक्या काटक्या, पाने आणि तांबड्या मुंग्या. पुढे एकदा एक अपूर्व कमळही थोरलीस मिळाले. धाकटीने हा अपमान मनात धरला, प्रत्येकबुद्धांना फळांचे दान केले व पुढील जन्मी राजकन्या होऊन या हत्तीचे दात मिळविण्याची इच्छा करून प्राण सोडला. ती मद्र देशात जन्मली आणि वाराणसीच्या राजाची पट्टराणी झाली. आजारपणाचे सोंग करून तिने राज्यातील व्याध जमविले व त्यांतून सोणुत्तर नावाचा व्याध निवडला. सात वर्षे, सात महिने व सात दिवस प्रवास करून तो सरोवरापाशी पोहोचला. त्याने खड्डा खणून वर फळ्या घातल्या, भिक्षूचे काषाय वस्त्र पांघरले आणि फटीतून विषारी बाण सोडला. जखमी हत्तीने त्याला पकडले. पण अंगावरील काषाय दिसताच त्याने हात आवरला. राणीने पाठविल्याचे कळल्यावर दातही दिले. ते दात मांडीवर घेताच राणीस पूर्वजन्मीचा पती आठवला व त्याच दिवशी शोकाने तिचे हृदय फुटले.

या कथेच्या बाहेर आणखी एक चौकट आहे, आणि ती बहुधा घाईने वाचली जाते. श्रावस्तीची एक तरुण भिक्षुणी जेतवनात बुद्धाचे प्रवचन ऐकत असता तिच्या मनात येते, की मी पूर्वी कधी यांची पत्नी होते काय? स्मरण होते आणि ती आनंदाने हसते. मग मी यांचे हित केले की अहित, हे आठवू लागते, आणि ती मोठ्याने रडते. भर सभेतील तिच्या या हसण्या-रडण्याचे कारण सांगण्यासाठी बुद्ध ही कथा सांगतो. म्हणजे ज्या स्त्रीने दात मागविले, तीच संघात बसून कथा ऐकते आहे.

पाली ग्रंथाचा हा मजकूर एकसंध नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. जातकांतील गाथा, म्हणजे पद्यभाग, प्राचीन असून त्या त्रिपिटकात समाविष्ट आहेत. गद्य हे त्यांवरील भाष्य आहे व त्याला आजचे रूप श्रीलंकेत इ. स. पाचव्या शतकाच्या सुमारास आले. व्हिगो फाउसबोल या डॅनिश पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात मूळ पाली संहिता प्रसिद्ध केल्यानंतरच हा भेद अभ्यासकांना नीट तपासता आला. मराठी वाचकांस जातकांचा परिचय मुख्यतः दुर्गा भागवत यांच्या ‘सिद्धार्थ जातक’ या सात खंडांच्या अनुवादामुळे झाला. गाथा व गद्य वेगवेगळी करून वाचली, की षड्दंताच्या कथेत दोन ठिकाणी सांधा उघडा पडतो. पहिला सांधा नावाचा. ‘छद्दन्त’ म्हणजे सहा दातांचा. परंतु गद्यकार दातांतून सहा रंगांचे किरण निघतात असा अर्थ लावतो. सहा दातांचा हत्ती त्याला अवघड वाटला असावा. दुसरा सांधा दात कापण्याचा. गाथांत हत्ती व्याधास शस्त्र घेऊन आपण मरण्यापूर्वी दात काप असे सांगतो, व्याध उठतो आणि कापतो. गद्यात मात्र व्याधाला ते साधत नाही. हत्तीच्या मुखात रक्त साचते, वेदना होतात, आणि अखेर हत्ती करवतीची मूठ आपल्या सोंडेत देण्यास सांगून स्वतःच दात कापतो.

हा फरक किरकोळ नाही, हे मध्य भारतातील भारहुत स्तूपाच्या अवशेषांवरून कळते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये हा स्तूप आढळला. त्याचे पुष्कळसे अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वीच्या या कठड्यावर अनेक दृश्यांखाली नावे कोरलेली आहेत, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. षड्दंताच्या वर्तुळाकार शिल्पावरही नाव असल्यामुळे त्याच्या ओळखीविषयी वाद उरत नाही. येथे वटवृक्षाजवळ हत्ती उभा आहे, त्याने व्याधाच्या सोयीसाठी अंग किंचित वाकविले आहे आणि व्याध करवतीने दात कापतो आहे. शिल्पकाराने गाथांतील कथाच कोरली आहे; गद्यातील सुधारणा त्याला माहीत नाही. सांचीच्या तोरणांवर हाच गजराज छत्र-चामरांसह कळपात दिसतो व त्याचे अनेक दात स्पष्ट दाखविलेले आहेत. आंध्रातील अमरावती व गोली येथे आणि वायव्येकडे गांधार प्रदेशातही ही कथा कोरली गेली.

या सर्व साधनांचा एकत्र विचार करण्याचा मान फ्रेंच पंडितांकडे जातो. लेओं फेर यांनी १८९५ मध्ये निरनिराळ्या भाषांतील पाठांची तुलना केली. डच संस्कृतज्ञ श्पायर यांनी १९०३ मध्ये याच विषयावर लिहिले. परंतु शिल्प व चित्र यांना ग्रंथांच्या बरोबरीने साक्षीदार म्हणून उभे केले ते आल्फ्रेड फूशे यांनी, १९११ मध्ये. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक पाठाला त्यांनी एकच प्रश्न विचारला : दात कोणी काढले? गाथांत व भारहुतात व्याध कापतो. पाली गद्यात हत्ती करवत हाती घेतो. चिनी भाषेत अनुवादित झालेल्या ‘सूत्रालंकार’ या संग्रहात तर शस्त्राचीही गरज उरत नाही. हत्ती आपले दात स्वतः उपटून देतो. सोसण्यापासून साहाय्यापर्यंत आणि साहाय्यापासून दानापर्यंत अशी ही चढण आहे. जे आरंभी व्याधाचे कृत्य होते, ते अखेरीस बोधिसत्त्वाचे दान ठरते. फूशे यांनी या चढणीवर ग्रंथ व कलाकृती क्रमाने बसविल्या आणि अजिंठ्याची दोन चित्रे तिच्या जवळजवळ दोन टोकांना आली.

दहावे लेणे हे चैत्यगृह असून अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या खोदकामांपैकी आहे. त्याच्या दर्शनी भागावर वासिष्ठीपुत्र कटहादी याने मुखभाग दान केल्याचा ब्राह्मी लेख आहे. उजव्या भिंतीवर श्याम जातक आणि षड्दंत जातक यांची लांबच लांब चित्रमालिका आहे. भारतातील ऐतिहासिक काळातील सर्वांत प्राचीन भित्तिचित्रांत तिची गणना होते. अरण्यातील कळप, वटवृक्ष, राजवाड्यात राजाशी बोलणारी राणी, व्याधांना दिलेली आज्ञा, हत्तीचा अंत, कावडीवर टांगून आणलेले दात आणि ते पाहून मूर्च्छित होणारी राणी असे प्रसंग त्यांत ओळखले गेले आहेत. रेषा ठाम, रंग थोडे, आणि हत्तींच्या हालचालींचे निरीक्षण असे की चित्रकाराने ही जनावरे जवळून पाहिली असली पाहिजेत. राणीच्या मूर्च्छेच्या दृश्यात परिवारातील स्त्रियांची धावपळ व राजाने दिलेला आधार यांवर चित्रकाराने जेवढा भर दिला आहे, तेवढा कोणत्याही ग्रंथात नाही. ग्रंथकार राणीचा शेवट एका वाक्यात उरकतो. चित्रकार तेथे थांबतो.

सतरावे लेणे हा विहार आहे. वाकाटक सम्राट हरिषेण (कार. सु. ४६०–४७७) याच्या काळात त्याच्या एका मांडलिकाने तो खोदविला. येथील षड्दंत चित्रात हत्ती सोंडेने स्वतःचे दात काढून देत आहे व व्याध त्याच्यापुढे नतमस्तक झाला आहे, असा अर्थ फूशे व त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी लावला. करवत येथे अप्रस्तुत झाली आहे. लेण्याच्या व्हरांड्यातील शिलालेख या चित्रासाठी महत्त्वाचा आहे, पण चित्राची चर्चा करणारे त्याकडे क्वचितच वळतात. वासुदेव विष्णू मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात (१९६३) त्याचे संपादन केले. त्यांच्या मते हे मांडलिक घराणे ऋषीक देशावर, म्हणजे आजच्या खानदेशावर, राज्य करीत होते. लेखात पिढ्यांची नावे येतात. शेवटी कृष्णदासाचे दोन पुत्र. थोरल्याचे नाव दगड झिजल्यामुळे नष्ट झाले आहे. धाकट्याचे नाव रविसांब. तो अकाली मरण पावला व त्या शोकाने थोरल्याचे मन धर्माकडे वळून त्याने स्तूप व विहार उभारले, असे लेख सांगतो. पाचोऱ्याहून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचाच प्रदेश ज्याच्या ताब्यात होता, अशा एका शोकाकुल राजाने करविलेल्या वास्तूत, मरताना सर्वस्व देणाऱ्या हत्तीची कथा रंगविली गेली. शोक आणि कथेची निवड यांचा प्रत्यक्ष संबंध दाखविणारा शब्द लेखात नाही, म्हणून तो गृहीत धरता येत नाही. परंतु हे चित्र कोणत्या घरच्या दानाचे होते, ते विसरून वाचणेही योग्य नव्हे.

फूशे यांच्या मांडणीवर एक आक्षेप घेणे आवश्यक आहे. कथा काळाबरोबर अधिकाधिक उदात्त होत जाते, हे त्यांनी गृहीत धरले. दातांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे ठरते. परंतु एकाच काळी निरनिराळ्या प्रदेशांत व संप्रदायांत एकाच कथेचे अनेक पाठ नांदू शकतात. पाली गद्य आणि सतरावे लेणे हे जवळजवळ समकालीन असूनही दोन वेगळ्या पायऱ्यांवर आहेत, ही गोष्टच त्याचा पुरावा होय. जर्मन पंडित हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील रंगविलेले श्लोक आर्यशूराच्या संस्कृत ‘जातकमाले’तील असल्याचे दाखविले. त्यामुळे चित्रकारांजवळ हाच ग्रंथ होता असे मानण्याचा मोह झाला. पण आर्यशूराच्या ३४ कथांत षड्दंताची कथाच नाही. तेथे हत्तीची जी कथा आहे ती निराळी. दहाव्या लेण्याचे चित्र तर पाली गद्याहून कित्येक शतकांनी जुने आहे. तेव्हा पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत पाली गद्याचा सारांश देऊन दहाव्या लेण्यातील चित्र त्याची प्रतिकृती म्हणून समजाविले जाते, ते कालक्रमाच्या दृष्टीने उलटे आहे. डीटर श्लिंगलॉफ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या चित्रांचे रेखांकन करून प्रसंगाप्रसंगाची पाठांशी तुलना केली. चित्र हा स्वतंत्र पाठ मानण्याची शिस्त त्यांच्या कामामुळे अधिक दृढ झाली.

कथेतील दातांना बाजारही होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम केल्याचा लेख आहे. त्याच तोरणाच्या मागील बाजूस षड्दंताचा कळप कोरलेला आहे. ज्यांचा चरितार्थ हस्तिदंतावर, त्यांच्याच नावाचा लेख आणि दातांसाठी मारल्या गेलेल्या हत्तीची कथा एका तोरणावर यावी, यावर कोणी भाष्य केलेले नसले तरी वाचकाची नजर तेथे अडखळते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंताचा उल्लेख आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती महाराष्ट्रात तेर येथे आणि अजिंठ्याच्या दक्षिणेस असलेल्या भोकरदन येथे मिळाल्या. शां. भा. देव व रा. श्री. गुप्ते यांनी भोकरदनच्या उत्खननाचा वृत्तांत १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिष्ठानाहून उत्तरेकडे जाणारे व्यापारी मार्ग अजिंठ्याच्या डोंगरातून खानदेशात उतरत. दहाव्या लेण्यासमोर थांबणाऱ्या तांड्यांत हस्तिदंत वाहून नेणारेही असतील, असे मानण्यास हरकत नाही. त्यांच्या दृष्टीने राणीची मागणी अद्भुत नव्हती. अद्भुत होते ते हत्तीचे उत्तर.

पाली गद्यातही या व्यवसायाच्या खुणा आहेत. राणी लोहार व चर्मकार यांच्याकडून व्याधासाठी कुऱ्हाड, कुदळ, सामता, हातोडा, बांबू तोडण्याचे व गवत कापण्याचे हत्यार, लोखंडी दांडा, खुंट्या आणि कातडी पिशव्या करवून घेते. डोंगर चढण्यासाठी तो खुंट्या ठोकतो, आणि पलीकडे उतरताना कातड्याची छत्री धरून वाऱ्यावर पक्ष्यासारखा खाली येतो. शेवटचा भाग कल्पनेचा असला, तरी हत्यारांची यादी कोणा जाणकाराच्या तोंडची वाटते.

राहिला राणीचा प्रश्न. आधुनिक सारांशात ती बहुधा ‘मत्सरी सवत’ एवढीच उरते. हे वाचन पाठास धरून नाही. हत्तीच्या कळपाचे नेतृत्व वस्तुतः वडील मादी करते व प्रौढ नर बराच काळ एकटा हिंडतो, हे आता प्राणिशास्त्राने दाखविले आहे. तेव्हा आठ हजारांचा राजा आणि त्याच्या दोन राण्या हे अरण्यातील नव्हे, तर मानवी अंतःपुरातील चित्र आहे, आणि तांबड्या मुंग्यांचा प्रसंगही त्याच अंतःपुरातला आहे. हत्तीने तो अपमान जाणूनबुजून केला नव्हता. परंतु धाकटीला तो जाणवला, हे कथा नाकारीत नाही. चौकटीतील भिक्षुणीला कोणी शिक्षा करीत नाही, संघाबाहेर काढीत नाही. तिचे रडणे हाच कथा सांगण्याचा हेतू आहे. दहाव्या लेण्याच्या चित्रकाराने शेवटचा प्रसंग हत्तीच्या मृत्यूवर न संपविता राणीच्या मूर्च्छेवर संपविला, याचे स्पष्टीकरण या चौकटीत मिळते. फूशे यांच्या चढणीत मात्र या स्त्रीला जागा नाही. त्यांचा प्रश्न दातांपुरता होता.

हे सर्व वाचन ज्या चित्रावर आधारलेले आहे, त्याची आजची स्थिती कष्टदायक आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला व त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर, रंगविलेल्या बोधिसत्त्वाच्या आकृतीवरच, आपले नाव व तारीख खरवडली. त्याच्यामागून आलेल्या असंख्य प्रेक्षकांनी उजव्या भिंतीवरही तेच केले. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या भारतीय विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीस बळी पडल्या. चित्रे उजळ दिसावीत म्हणून लावलेले रोगण पुढे पिवळे-तपकिरी पडले व त्याखालील रंग झाकले गेले. निजाम सरकारने १९२०–२२ मध्ये इटालियन तंत्रज्ञ आणून डागडुजी करविली आणि गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत लेण्यांची चित्रे प्रसिद्ध केली. दहाव्या लेण्यातील काही प्रसंग आता प्रत्यक्ष भिंतीपेक्षा या जुन्या छापील पटांवर व रेखांकनांवरच अधिक स्पष्ट ओळखता येतात. मूर्च्छित राणीभोवतीच्या काही आकृती मात्र ओरखड्यांच्या जाळ्यातूनही अद्याप दिसतात.